गोजरबाईचं वाढप

डिंगोऱ्याच्या गोजरबाईच्या पंगतीतून भुकेलं कुणी उठलं नाही, आणि ताट स्वच्छ करूनही कुणी उठलं नाही. जुन्नरच्या बाहेर एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात सोळा वर्षं ती मेस सांभाळत होती. भाकऱ्या थापायला दुसरी बाई, चिरायला तिसरी, पण वाढायचा डाव मात्र हिच्याच हातात. 'पुरे' म्हणणारीला एक डाव जास्त, ताटावर हात आडवा धरणारीला दोन! गावाकडं पाहुणा पहिल्याच हाकेला 'वाढा' म्हणाला तर त्याला हावरा म्हणतात. मग पोरींचं 'नको' ही बाई खरं कसं मानणार?

यंदा वरून नियम आला. खरकटं आवारातच जिरवायचं, बाहेर टाकलं तर दंड, आणि जबाबदार कोण, तर रजिस्टरवर सही करणारी. म्हणजे रेक्टर प्राची मॅडम. पोर सव्वीस वर्षांची, नोकरीला चार महिने झालेले, अजून कायम नाही. मागचा खताचा खड्डा दिवसाला पाच किलो पचवायचा आणि मेसची बादली भरायची अठरा किलो.

"मावशी, महिनाभरात साहेब तपासायला येणार. बादली पाच किलोवर उतरली नाही तर माझी नोकरी जाईल हो," मॅडम काकुळतीला आल्या. "मुलींना आपल्या हातानं वाढून घेऊ द्या ना."

"अगं बया! हे काय हाटेल हाय? पोरीच माजल्यात. मी बघते त्यांच्याकडं."

बघते म्हणजे काय, तर वाढप उरकलं की बादलीशेजारी खुर्ची टाकून बसायची. ताट रिकामं करायला आलेली पोर दिसली की धाडलीच माघारी. बिचाऱ्या डोळ्यांत पाणी आणून गिळायच्या. तळेघरची रत्ना तेवढी धीट निघाली.

"मावशी, मी अर्धी भाकरी मागितली व्हती. तुमी अडीच टाकल्या."

"वाळून चाललीस, म्हणून टाकल्या!"

असं म्हणून तिलाही ताटासकट माघारी धाडली.

तपासणीला भगवंतराव साहेब आले ते नेमके दुपारच्या जेवणाला. मॅडमच्या मायेपोटी मुलींनी त्या दिवशी पोटाला तडस लागेस्तोवर खाल्लं होतं. बादली भरली साडेचार किलो. मॅडमचा जीव भांड्यात पडला. साहेब निघालेच होते हो! पण जेवणवेळेला आलेला माणूस उपाशी धाडील ती गोजरबाई कसली? मुद्दाम मासवडी केलेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोन वड्या खाऊन साहेब 'पुरे' म्हणाले, हिनं आणखी चार टाकल्या. त्यांनी हात आडवा धरला, तर बोटांच्या फटीतून रस्सा ओतला.

"लाजू नका राव, पावणं!"

साहेब हात झटकत उठले. त्यांच्या ताटातलं सगळं बादलीत गेलं आणि काटा पाच किलोच्या वर सरकला.

"मी नको म्हणालो होतो ना, बाई?" साहेब म्हणाले. "आता हे कुणाच्या नावावर लिहू?"

मॅडमनी पेन उघडलं. स्वतःच्या नावापुढं सही करायला त्या वाकल्या. ते बघून गोजरबाईच्या काळजात चर्र झालं. एवढी वर्षं ती पोरींना नावं ठेवत आली, आणि बादली भरत होती ती स्वतः! लाज वाटली तिला, लई लाज वाटली.

"तिच्या नाय, माझ्या नावावर लिवा. तिनं एक घास वाढलेला नाय. आन उद्यापासून मी डाव धरणार नाय. पोरी घेतील आपापलं."

साहेबांनी बोटं पुसली, 'महिन्यानं पुन्हा तपासणी' एवढाच शेरा मारला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी गोजरबाई शेगडीशी भिंतीकडं तोंड करून बसली. बाहेर पोरी हसत-खिदळत वाढून घेत होत्या. मॅडम धावत सांगायला आल्या, बादलीत जेमतेम दीड किलो!

"बरं झालं बाई," म्हणून हिनं पदर डोळ्यांना लावला. जळलं मेलं, आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही, हेच तिला सोसवेना.

तेवढ्यात दारात रत्ना आली, रिकामं ताट पुढं धरून.

"मावशी, भाजी आणखी हाय का?"

डोळ्यांवरचा पदर काढून गोजरबाई तिच्याकडं वळली. सोळा वर्षांत तिच्याकडं कुणी दुसऱ्यांदा मागितलं नव्हतं. मागायची वेळच तिनं कधी कुणावर येऊ दिली नव्हती.