करोल बागेतले फोटो आणि त्यांच्या कडा

दिल्लीला गेलो तो फोटो काढायला, दादाला भेटायला नव्हे. हे आधीच कबूल करतो. माझा थोरला भाऊ लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला होता. म्हणजे राहायची सोय आणि वहिनींच्या हातचं जेवण, एवढाच माझा विचार. पुण्याहून रेल्वेने निघालो.

पहिल्याच दिवशी करोल बाग. घराजवळच्या आयएनए स्टेशनहून मेट्रो, राजीव चौकात गाडी बदलायची. सोमवारी जाऊ नका, बाजार बंद असतो. छोले-भटुरे आधी खाऊन घ्या, मग पायांचे तुकडे पडेपर्यंत हिंडता येतं. वहिनींना ब्लाउज शिवायला टाकायचे होते. "मास्टरजी, कतरन भी वापस देना," त्यांनी शिंप्याला दोनदा बजावलं. ही कतरन, म्हणजे कापून उरलेले तुकडे, जोडून वहिनी गोधड्या शिवतात.

दादा माझी बॅग धरून सोबत होता आणि हमखास फोटोच्या कडेला यायचा.

"दादा, बाजूला हो ना!"

"अरे यार, मी कुठे मध्ये येतोय?" हसायचा आणि अर्धं पाऊल सरकायचा.

संध्याकाळी घरी फोटो क्रॉप करायला बसलो. नवशिक्यांना सांगतो, रस्त्यावरच्या फोटोत कड सांभाळा. तिथे कुणी रेंगाळत असलं की नजर तिकडेच पळते. आरसे विकणाऱ्याच्या फोटोत उजवीकडे दादा होता. तो कापला आणि फोटो एकदम जिवंत झाला. मूळ फोटो ठेवला की मन डळमळतं, म्हणून मी त्यावरच सेव्ह करतो. मोठा अभिमान होता मला या शिस्तीचा.

दादा शेजारी बसून बघत होता. "बिल्कुल सही," म्हणाला. "आता छान दिसतंय."

मी पुण्याला परतलो आणि महिन्याच्या आत दादा गेला. ऑफिसात, खुर्चीवर बसल्या बसल्या.

तेराव्यानंतर वहिनींचा फोन आला. "भाऊजी, करोल बागचा ह्यांचा एक फोटो पाठवा ना. तिथे हसत होते. घरातले सगळे आयकार्डासारखे आहेत."

सगळे फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. एकात त्याचं कोपर आहे. एकात माझ्या बॅगेचा पट्टा धरलेली दोन बोटं. चेहरा कुठेच नाही. मीच उडवला, नीट विचार करून. स्वतःची किळस येते.

शेवटी वहिनींना खरं ते सांगितलं.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "पण भाऊजी, कापल्यावर कतरन उरली असेल ना? तेवढीच पाठवा."