शेषराव क्रेनला ‘येतो’ म्हणाला

शेषराव बोपचे हा आमचा शेजारी. माणूस इतका अबोल, की पूजेत ‘प्रसाद घेतला का’ विचारलं तर मान हलवतो, आणि तीही निम्मीच. हथखोजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तो क्रेन चालवायचा. शेडच्या छताखाली रुळांवरून ती फिरायची आणि तिच्या पोटाशी लटकलेल्या केबिनमध्ये शेषराव बसायचा. तिथे मात्र त्याची जीभ सुटे. “चाल माय. हळू. लचकू नोको माय.”

त्याची बायको मनकर्णा म्हणायची, “जितीजागती बायको घरात, तिच्याशी बोलाले तोंड दुखते. आन लोखंडाले माय म्हणते!”

पुढे क्रेनचा ब्रेक धरेना. शेषरावने शेठला सांगितलं, पुन्हा सांगितलं. शेठ म्हणे, “चला लो.” खाली माणसं वावरत असताना शेषरावला ते जमेना. एका संध्याकाळी चावी टेबलावर ठेवून तो निघाला. दारात सवयीने वर पाहिलं आणि म्हणाला, “येतो माय.”

आता आपल्यात ‘जातो’ कोण म्हणतं? नकोसा पाहुणासुद्धा ‘येतो’ म्हणूनच निघतो आणि दुर्दैवाने शब्द पाळतो.

शेठला मराठी अर्धीच कळत होती, पण तेवढी त्याला पुरली. शेषराव जिथे नोकरी मागे, तिथून शेठला फोन जाई, आणि शेठ आवाज उतरवून सांगे, “हमने निकाला उसको. उसकी मरी हुई माँ क्रेन में बैठती है. जाते-जाते बोला, आता हूँ माँ. तब से क्रेन अपने आप चलती है.”

क्रेन आपोआप चालते हे खरंच होतं; ब्रेक धरत नसला की ती घरंगळणारच. पण ब्रेकपेक्षा भूत स्वस्त पडतं.

सगळीकडून नकार आला. उरला नरेश. रेल्वेतल्या शामरावांचा हा मुलगा जवळच्याच कारखान्यात मॅनेजर आहे. तो म्हणाला, “काका, मले भरोसा आहे तुमच्यावर. पण आमचे पोट्टे तुमच्या हुकाखाली उभे राहाले तयार नाहीत.”

“चाल माझ्यासंग,” शेषराव म्हणाला. “ब्रेक नाई हे तुह्या डोयानं पाय. असला, त नोको देऊ नोकरी.”

सुट्टीच्या दिवशी भर दुपारी शेषराव, नरेश आणि मी असे तिघे शेठच्या कारखान्यात गेलो. चौकीदार गुड्डूने गेट उघडलं, पण आत यायला तो तयार नव्हता. मीही शेडच्या दारातच थांबलो. गुड्डूचं रक्षण कोणीतरी करायला हवं होतं.

आत पत्रे तापून कुरकुरत होते. मेन स्विच बंद होता, नरेशने स्वतः पाहिला. क्रेन पार त्या टोकाला, केबिन रिकामी.

“काका, एकदा ‘जातो’ म्हणून टाका. झंझट खतम.” नरेश हसत म्हणाला.

शेषरावने वर क्रेनकडे पाहिलं. मग पुटपुटला, “माय... जातो.”

पत्र्यांची कुरकुर थांबली. त्या टोकाला चाक करकरलं आणि क्रेन निघाली. हळूहळू, अख्खी शेड ओलांडून. हूक जराही हलत नव्हता. ती आली ती थेट शेषरावच्या डोक्यावर येऊन थांबली.

नरेश म्हणाला, “ब्रेक खरंच नाही काका. झूठा आहे शेठ. पोट्ट्यांले मी सांगतो. उद्यापासून या.”

ज्या नोकरीसाठी वणवण केली, ती मिळाली. तरी शेषराव वरच पाहत होता.

“नरेश, ब्रेक नाई,” तो म्हणाला, “त थांबली कावून?”

मी गुड्डूकडे वळून पाहिलं, तर तो चहाच्या टपरीपर्यंत पोचलाही होता.

शेषरावने हात जोडले. “चुकलो माय. येतो.”

बाहेर पडताना मी मागे वळलो. वळायला नको होतं. वाऱ्याची झुळूकही नव्हती, पण हूक हलत होता, इकडून तिकडे, निरोप देताना दारातली बाई हात हलवते ना, तसा.