मीठ अन् सोडा

वनमालाबाई खोड्यांना ना सापाची भीती, ना अंधाराची. त्या भीत असत डागाला. आता डागाला कोणी भितं का, असं तुम्ही विचाराल. पण मग तुम्ही त्यांची सासू पाहिलेली नाही. आर्वीच्या घरात सासूबाई घासलेला एकेक पितळी गडवा उजेडात धरून फिरवून पाहायच्या, आणि कुठं काळपट ठिपका दिसला की एक अक्षर न बोलता तो अंगणात भिरकावून द्यायच्या. त्याचा ठणठणाट साऱ्या गल्लीला ऐकू जायचा. नवी सून खाली मान घालून तो उचलून आणायची आणि पुन्हा राखेनं घासायला बसायची. सासूबाईंना जाऊन जमाना झाला, पण वनमालाबाईंचा हात काही थांबला नाही. पुढं त्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागल्या, तिथली पातेलीही त्यांनी अशीच घासली. मुली चिडवायच्या, "मावशी, पातेल्याले भोक पडन!" मावशी काही हसत नसत.

गेल्या हिवाळ्यात नवरा गेला आणि भाड्याची खोली सोडावी लागली. तेरवीनंतर त्या थोडे दिवस दिराकडे राहिल्या. जावेनं तोंडानं काही म्हटलं नाही, तोंड वाकडं केलं तेवढंच. मग मुलगा नीलेश आला आणि "चाल आई, काही दिवस रायपूरले" म्हणत त्यांना तेलीबांध्याच्या आपल्या फ्लॅटमध्ये घेऊन आला.

काही दिवस! हे दोन शब्द वनमालाबाईंच्या मानगुटीवर बसले ते बसलेच. लिफ्टमध्ये शेजारीण विचारायची, "आंटी अभी हैं ना?" आणि नीलेश म्हणायचा, "हाँ दीदी, अभी हैं कुछ दिन." तो बिचारा सहजच म्हणायचा. त्या शब्दांनी आईची झोप उडते, हे त्याला कुठून कळणार? काही म्हणजे किती, असं त्याला सरळ विचारता आलं असतं. पण विचारलं तर उत्तर मिळेल, या धाकानं त्या विचारत नसत.

सून वाईट असती तर सोपं होतं. वाईट सुनेशी कसं वागायचं ते आर्वीची कोणीही बाई झोपेतसुद्धा सांगेल. राधिका चांगली होती, फारच चांगली होती. ती इथंच, रायपूरच्या शंकर नगरात जन्मलेली, वाढलेली. मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून हिंदीच निघायची. सासूशी मात्र ती जपून, शब्द निवडून, शाळेच्या पुस्तकातलं मराठी बोलायची. वनमालाबाईंनी पहिल्याच आठवड्यात तिचा काळा गुळगुळीत तवा तारेच्या घासणीनं घासून पांढरा केला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "असू द्या, आई." काचेची बरणी फुटली, तेव्हाही "असू द्या, आई." वनमालाबाईंना या 'असू द्या'ची धास्ती सासूच्या गडव्याहून जास्त वाटायची. गडवा निदान परत घासता तरी यायचा.

त्यात ही रायपूरची काळी धूळ. गावाबाहेर लोखंडाच्या भट्ट्या, त्यांची काजळी वाऱ्यावर येते आणि सकाळी पाहावं तर गॅलरीभर पसरलेली. फरशी पुसली की फडकं काळं. घटकाभरानं परत पुसा, परत काळं. डागाला भिणाऱ्या बाईला देवानं नेमकं याच गावात आणून टाकावं, आता याला काय म्हणावं!

त्या गॅलरीत राधिकाची सायकल उभी असायची. दुधावरच्या सायीच्या रंगाची, चकचकीत. लहानपणी राधिकाला सायकलीला कोणी हात लावू दिला नव्हता. ती तिशीत शिकली, गुडघे फोडून घेतले, आणि मग हट्टानं हाच रंग आणला. दुकानदारानं सांगितलं होतं, मॅडम, रायपुर में काला लीजिए. ऐकते कसली! रोज सकाळी जवळच्या तळ्याला चक्कर मारून आली की ओल्या फडक्यानं ती सायकलीला न्हाऊमाखू घालायची. त्या वेळी तिचा चेहरा वेगळाच दिसायचा, मोकळा. वनमालाबाई तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून चोरून पाहायच्या. आपल्याकडे पाहताना पोरीचा चेहरा असा कधी होईल का, असं त्यांच्या मनात यायचं.

मग राधिका ऑफिसच्या कामानं जगदलपूरला गेली. सायकलीवर धूळ बसू लागली. साय करडी झाली, आणि सीटखालच्या दांडीवर तेलकट काळे ठिपके उमटले. वनमालाबाईंच्या जिवाला चैन पडेना. पोरगी परत येईल तेव्हा सायकल लखलखीत दिसली तर? निदान एक काम तरी या बाईला जमतं, असं तिला वाटेल. पण तव्याचा धडा त्या विसरल्या नव्हत्या. दुधानं तोंड पोळलं होतं, त्या ताकही फुंकून प्यायला तयार होत्या. म्हणून त्या खाली कोपऱ्यावर सायकल दुरुस्त करणाऱ्या गैंदलालला विचारायला गेल्या.

गैंदलाल चाकात हवा भरत होता आणि त्याच्या मशीनचा खडखडाट चालू होता. "भैया, सफेद सायकल का काला दाग काहेसे जाता?" वनमालाबाईंनी आपल्या हिंदीत विचारलं.

"मीठा सोडा लगा दे दाई, फेर कपड़ा म पोंछ दे. झक्क हो जाही!" तो मान वर न करता ओरडला.

वनमालाबाईंनी ऐकलं ते असं: मीठ, सोडा. खाण्याच्या सोड्याला इकडं मीठा सोडा म्हणतात, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आणि मिठानं तांब्या-पितळेची भांडी उजळतात, हे तर त्यांना चांगलं ठाऊक होतं. शंकेला जागाच कुठं राहिली?

घरी लोणच्यासाठी आणलेलं जाडं मीठ होतं. त्यात सोडा कालवला, जुन्या लुगड्याचा तुकडा घेतला, आणि वनमालाबाई पदर खोचून बसल्या. काळं निघत होतं. त्यांना हुरूप आला. त्यांनी जोर लावला, सगळ्या आयुष्याचा जोर, एक दांडी झाली, दुसरी झाली. मग पाण्याचा हात फिरवला आणि वाळल्यावर उन्हात पाहिलं.

डाग गेले होते. चमकही गेली होती. जिथं जिथं हात फिरला तिथं रंग मेल्यासारखा झाला होता, आणि त्यावर मांजरीनं नखं ओढावीत तशा बारीक रेघाच रेघा. अजून थोडं घासलं तर निघेल, असं वाटून त्यांनी आणखी मीठ घेतलं. आणखी रेघा उठल्या. तेव्हा कुठं त्यांनी फडकं खाली ठेवलं.

त्या तशाच, ओल्या मुठीत उरलेलं मीठ घेऊन लिफ्टनं खाली गेल्या. "भैया, मीठ लगाया तो खराब हो गया," त्या गैंदलालला म्हणाल्या. त्याला काही उमगेना. त्यांनी मुठीतले खडे उघडून दाखवले, तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला.

"नून? ए दाई, नून कोन कहिस तोला? मीठा सोडा कहे रहेंव, खाए के सोडा!"

नून म्हणजे मीठ, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. तो हसायला लागला होता, पण म्हातारीचा उतरलेला चेहरा पाहून गप्प झाला.

वर येऊन वनमालाबाईंनी सायकलीवर चादर टाकली. संध्याकाळी नीलेशनं विचारलं, "आई, चादर काहून टाकली?" "धूळ येते ना," त्या म्हणाल्या. लिफ्टचा आवाज झाला की त्या दाराकडे पाहायच्या. भांडीवालीवर ढकलून द्यावं का, असंही एकदा मनात आलं, आणि ते आल्याचीच त्यांना भीती वाटली. भीतीपोटी आपण कुठवर जाऊ याचा नेम नाही, असं वाटलं. मग त्यांनी खाटेखालची पिशवी ओढली आणि लुगडी भरली. घालवून देण्याआधी आपणच निघालेलं बरं. पण निघून जायचं कुठं? जावेचं तोंड डोळ्यांपुढं आलं. त्यांनी लुगडी बाहेर काढली. पुन्हा भरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी राधिका आली. नीलेश कामावर होता. तिनं बॅग दारातच टाकली आणि सरळ गॅलरीत गेली. चादर ओढल्याचा आवाज आला. वनमालाबाई ओट्याला धरून उभ्या होत्या. मग त्या गॅलरीच्या दारापर्यंत गेल्या.

"मी केलं ते," त्या म्हणाल्या. "मीठ लावून घासलं. मले वाटलं, तसंच सांगतलं त्या खालच्या सायकलवाल्यानं."

राधिका दांडीवरून बोट फिरवत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती ओठ दाबून म्हणाली, "असू द्या, आई."

"असू द्या म्हणू नोको मले!"

आपलाच आवाज ऐकून वनमालाबाई दचकल्या. पण आता बांध फुटला होता. "पाहुण्यालेच म्हणतेत असू द्या! राग आला ना तुले? मंग रागाव. भांड माह्याशी. बोल काय बोलाचं ते. पण ते नोको म्हणू वो. तुमी मले कधी धाडून देता, याच्यापायी मले रातरात झोप नाही येत."

आणि मग राधिकाचं ते पुस्तकातलं मराठी पार वाहून गेलं.

"गुस्सा नहीं आएगा मुझे? नमक! नमक कौन लगाता है सायकल को? एक फोन नहीं कर सकती थीं? मेरी कितनी प्यारी गाड़ी थी! और वो तवा! तीन दिन रोई हूँ मैं उस तवे के लिए, बाथरूम में जाके!" तिचा आवाज चिरकला, नाक वाहायला लागलं. "और धाड़ना-वाड़ना क्या है? कौन भेज रहा है तुमको? किसने बोला?"

एकेक शब्द वनमालाबाईंच्या अंगावर आदळत होता, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. आदराचं 'तुम्ही' जाऊन घरातलं 'तुम' कधी आलं, ते मात्र त्यांच्या बरोबर ध्यानात आलं.

"बिगाड़ी तुमने है, तो ठीक भी तुम ही करोगी," राधिका मनगटानं नाक पुसत म्हणाली. "मैं पॉलिश लाती हूँ. रोज थोड़ा-थोड़ा लगाना, हल्के हाथ से. घासायचं नाही! और जब तक चमक वापस नहीं आती, कहीं नहीं जाना."

"अन् नाहीच आली चमक तं?" वनमालाबाईंनी भीतभीत विचारलं.

"तो बैठी रहो यहीं जिंदगीभर!" राधिका ओरडली.

वनमालाबाई तिथंच, गॅलरीच्या उंबऱ्यावर मांडी घालून बसल्या.