पायऱ्यांचं रिसॉर्ट

माझ्या सासऱ्यांना आम्ही सभापती म्हणतो. अर्थात पाठीमागे. तोंडावर बाबा. माणूस लिफ्टचा मेकॅनिक. उभ्या आयुष्यात त्यांनी लोकांना वर-खाली नेणारी यंत्रं दुरुस्त केली, दोर बदलले, दरवाजांचे रूळ साफ केले आणि मध्येच अडकलेल्या माणसांना काखेत हात घालून बाहेर ओढलं. कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. कंपनीत ते कामगार संघटनेचे बरीच वर्षं अध्यक्ष होते. तिथलं जे काही चांगलं असेल ते तिथेच ठेवून त्यांनी एकच गोष्ट घरी आणली, ती म्हणजे मतदान.

त्या घरात पडद्यांच्या कापडापासून मुलांच्या शिक्षणापर्यंत सगळं मताला टाकलं जायचं. आणि हात वर करून, सगळ्यांसमक्ष. चिठ्ठ्यांचं नाव काढलं तर ते म्हणायचे, "घरच्या माणसांत लपवायचं काय?" हात खांद्यापासून सरळ वर गेला पाहिजे. जरा वाकला की गर्जना व्हायची, "कोपर!" मतं एकूण चार. ते स्वतः, सासूबाई, माझी बायको आणि तिचा धाकटा भाऊ. मतं समसमान पडली तर अध्यक्षांचं निर्णायक मत, म्हणजे पुन्हा तेच. दोन्ही पोरं एक झाली तरी दोनच मतं होत होती. सासूबाईंचा हात नवऱ्याबरोबर वर गेला की काम फत्ते, आणि तो हात नेहमी वर जायचा. विरोधात गेलेल्याशी सभापती आठवडाभर अबोला धरायचे. पोरं शाळेत जायची, खेळायला जायची, त्यांचं भागून जायचं. सासूबाईंना तो अबोला स्वयंपाकघरातही सोसावा लागला असता आणि अंथरुणातही.

त्यावर कडी म्हणजे एकमत. निकाल लागला की हरणाऱ्यानेही पुन्हा हात वर करायचा, म्हणजे "ठराव एकमताने मंजूर" असं त्यांना म्हणता यायचं. माझ्या बायकोला कपड्यांचं डिझाइन शिकायला परगावी जायचं होतं. दोन विरुद्ध दोन, मग निर्णायक मत, आणि मग सोळा-सतरा वर्षांच्या त्या मुलीने स्वतःच्या न जाण्यासाठी रडत रडत हात वर केला. सासूबाई लग्नाआधीपासून औषधांच्या दुकानात काउंटरवर होत्या. त्यांनी ती नोकरी सोडावी, हा ठराव आला तेव्हा त्यांचाच हात आधी वर गेला. एकदा रविवार एकच होता आणि जायची ठिकाणं दोन होती. सभापतींच्या संघटनेचा मेळावा, नाहीतर सासूबाईंची आजारी आई. घर मेळाव्याला गेलं, एकमताने. पुढचा रविवार काही त्या म्हातारीला दिसला नाही. हे मला सासूबाईंनी कधीही सांगितलं नाही. बायकोने सांगितलं, भांडी विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून.

मला स्वतःला मत नाही. लग्न ठरलं तेव्हाच सासऱ्यांनी स्पष्ट केलं होतं, "जावईबापू, तुम्ही निमंत्रित सदस्य. चर्चेत भाग घ्या, हात मात्र खाली." तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं.

पुढे मेहुण्याला बरी नोकरी लागली, बढती मिळाली आणि त्याने जाहीर केलं की यंदा सगळ्यांनी मिळून सुट्टीला जायचं, सगळं तो बघेल. त्याने आईला विचारलं, "तुला कुठे जावंसं वाटतं?" त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एखाद्या बेटावर. चारी बाजूंनी पाणी असेल असं." इतक्या पटकन आणि इतकं नेमकं उत्तर त्यांच्याकडून आलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. सभापतींनाही कल्पना आवडली. बालपणापासून त्यांची एक हौस राहून गेली होती, समुद्रात गळ्यापर्यंत उभं राहायचं. ती त्यांनी त्या दिवसापासून येईल-जाईल त्याला सांगितली, दूधवाल्यालासुद्धा.

आता रिसॉर्ट निवडणं हे काम किती डोकेदुखीचं आहे, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. मेहुण्याने टीव्हीला मोबाइल जोडला आणि आम्ही बसलो बघत. प्रत्येक रिसॉर्टला तेच निळं पाणी, तोच झाडाला बांधलेला झोपाळा आणि त्यात तीच बाई, पुस्तक वाचत असल्याचं सोंग करणारी. नाश्त्याच्या टेबलावर प्रत्येक ठिकाणी इतकी फळं, की गिऱ्हाईक माणूस आहे की माकड असा प्रश्न पडावा. मग खाली लोकांचे अभिप्राय. एकाला स्वर्ग वाटलेल्या खोलीत दुसऱ्याला पाल दिसलेली. माझी बायको फक्त वाईट अभिप्राय वाचत होती, मेहुणा फक्त चांगले, त्यामुळे दोघांना दोन वेगळी बेटं दिसत होती. सासूबाई काहीच वाचत नव्हत्या. त्या फोटोंकडे बघत होत्या, आणि मध्येच "मागचा दाखव" म्हणत होत्या.

शेवटी दोन उरली. पहिलं सपाट. होडीतून उतरलं की धक्का, धक्क्यावरून फळ्यांची वाट, वाटेच्या टोकाला खोल्या, खोलीच्या दारात वाळू. चाकाची खुर्चीसुद्धा मिळेल, असं लिहिलेलं. दुसरं त्याच बेटाच्या पलीकडच्या अंगाला, टेकडीच्या माथ्यावर. खाली होडी सोडून जाणार आणि वर जायला खडकात खोदलेल्या पायऱ्या. खोल्या हवेशीर, खिडकीतून नुसता समुद्र, आणि लिफ्ट नाही. "निसर्गाला धक्का न लावता," असं त्यांनी मोठ्या अभिमानाने छापलं होतं.

"लिफ्ट नाही?" सभापती उखडले. "मग त्याला रिसॉर्ट काय म्हणून म्हणायचं? गच्ची म्हणा."

पायऱ्या किती, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मेहुण्याने फोन लावला, तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "थोड्याच आहेत, सर." एका अभिप्रायात मात्र एका तरण्याताठ्या माणसाने लिहिलं होतं की तो वाटेत दोनदा खाली बसला.

इथे सभापतींच्या गुडघ्यांबद्दल सांगायला हवं. नोकरीत असताना एकदा लिफ्टच्या खड्ड्यात पाय घसरून ते पडले आणि दोन्ही गुडघे कामातून गेले. पुढे दमाही लागला. चौथ्या मजल्यावर राहतात ते केवळ इमारतीच्या लिफ्टच्या भरवशावर, आणि ती लिफ्ट तेच स्वतः तेलपाणी करून चालू ठेवतात. तेव्हा सपाट रिसॉर्ट ठरलं तर ते येणार, टेकडीचं ठरलं तर घरी राहणार, त्यांच्यासाठी दिवसभराची बाई ठेवायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनाही.

पण त्यांना चिंता नव्हती. खुर्चीत जरा पुढे सरकून त्यांनी नेहमीच्या थाटात विचारलं, "सपाट जागेच्या बाजूने?" आणि स्वतःचा हात वर केला, कोपर ताठ. पोरांचे हात खाली. हे अपेक्षितच होतं. त्यांनी शेजारी पाहिलंसुद्धा नाही. मोजायचं म्हणून मोजत ते म्हणाले, "दोन."

"एक," मेहुणा म्हणाला.

मग त्यांनी पाहिलं. सासूबाईंचे दोन्ही हात मांडीवर होते, एकात एक गुंफलेले.

"अगं, हात," ते म्हणाले.

"टेकडीच्या बाजूने विचार की रे," त्या मुलाला म्हणाल्या. आणि त्याने विचारायच्या आधीच त्यांचा हात वर गेला, खांद्यापासून सरळ. मग पोरांचे. खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की निमंत्रित सदस्य असूनही माझा हात शिवशिवला.

सभापतींचा चेहरा पांढरा पडला. त्यांना वाटलं, बायकोची गफलत झाली, दोन रिसॉर्टमध्ये घोटाळा झाला. त्यांनी तिला पुन्हा समजावून सांगितलं, सपाट कोणतं आणि उंच कोणतं, लहान मुलाला सांगावं तसं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कळलं होतं मला."

"तीन विरुद्ध एक," मेहुणा म्हणाला. "आता एकमत करून टाकू, बाबा."

हा मेहुणा तसा मवाळ मुलगा. मुंगीला वाट करून देईल असा. पण त्या दिवशी तो बापाकडे बघत थांबला, माझी बायको थांबली, सासूबाई थांबल्या. टीव्हीवर ती झोपाळ्यातली बाई वाचतच होती. बऱ्याच वेळाने सभापतींनी हात वर केला. तो अर्ध्यावरच राहिला.

"कोपर," माझी बायको म्हणाली.

त्यांनी कोपर सरळ केलं.

त्यानंतर त्यांनी अबोला धरला, पण त्या घरात आता त्याची कुणाला पर्वा नव्हती. उलट जेवणं गप्पाटप्पांत व्हायला लागली. सासूबाईंनी पोहण्याचा पोशाख आणला आणि तो दोरीवर वाळत घातला, सगळ्यांना दिसेल असा. कामाची बाई येऊन घर बघून गेली. ती येईल तेव्हा जेवण कुठे वाढायचं, गोळ्या कोणत्या डब्यात, हे सासूबाईंनी तिला नवऱ्यासमोरच दाखवलं. एखादी शेगडी कशी पेटवायची ते दाखवावं तसं. ते पेपर वाचत होते.

पुढे एका दुपारी मी त्यांचा दुरुस्त करायला दिलेला चष्मा घेऊन गेलो. चष्म्याचं दुकान माझंच. लिफ्ट तळमजल्यावर उभी होती, दिवा चालू, दार उघडं. आत शिरणार तोच जिन्यावरून धापा ऐकू आल्या. बघतो तर सभापती पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये कठड्याला लोंबकळत उभे होते. सदरा घामाने चिकटलेला, ओठ निळसर.

"घरी बोलू नका, जावईबापू," ते म्हणाले. "सराव चाललाय."

सगळे दुपारी आडवे झाले की ते लिफ्टने खाली यायचे आणि जिन्याने चढायला लागायचे. आधी एक मजला, मग दीड. ज्या माणसाने जन्मभर लोकांचं जिने चढणं वाचवलं तो आता एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, तोंडाने हवा ओढत वर चालला होता. पायरीगणिक गुडघ्यांतून आवाज यायचा. मला दया आली का? आली. पण बायकोची परगावची गोष्टही मला आठवत होती, त्यामुळे ती दया फार वेळ टिकायची नाही. तरीही मी दुकान जरा लवकर बंद करून जायला लागलो, आणि पडले तर धरायला म्हणून त्यांच्या दोन पायऱ्या मागे चालू लागलो.

चढता चढता ते बोलायचे. "ती मनाने तशी नाही हो. पोरांनी भरीला घातलं तिला. मी चढू शकतो हे एकदा दिसलं की तीच म्हणेल, चला म्हणून." मी "हं" म्हणायचो. एकदा तिसऱ्या मजल्यावर बसून त्यांनी मला विचारलं, "समुद्राचं पाणी गरम असतं का हो तिकडे?" मी म्हणालो, असेल. त्यावर ते इतके खूश झाले की मला तिथे उभं राहवेना.

निघायच्या आधीच्या रविवारी ते थेट चौथ्या मजल्यापर्यंत चढले. वाटेत बसले नाहीत. दार उघडंच होतं. आत सासूबाई, मेहुणा आणि माझी बायको बॅगा भरत बसले होते. सभापती दारात उभे राहिले, चौकट धरून. दम लागलेला, पण चेहरा असा, की बक्षीस घ्यायला आलाय माणूस.

"जिन्याने आलो," ते म्हणाले. "तळापासून. यांना विचारा."

मी मान डोलावली.

"तेव्हा मी पुनर्विचाराचा ठराव मांडतो. मी येतोय. मला पायऱ्या जमतील."

मेहुणा आणि माझी बायको दोघांनी आईकडे पाहिलं. खरं सांगतो, त्या क्षणी पोरं विरघळली होती. मेहुण्याचं तोंडही उघडलं होतं, आणि त्यातून हो बाहेर पडलं असतं.

सासूबाई पोहण्याच्या पोशाखाची घडी घालत होत्या. घडी पुरी करून त्यांनी ती बॅगेत ठेवली.

"अहो, तुम्हाला वाटलं मला ती टेकडी आवडली म्हणून?" त्या म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा, मीठ कुठे ठेवलंय सांगावं तसा. "मला सपाटच आवडलं होतं. दारात पाणी. माझे तरी गुडघे कुठे धड आहेत? पायऱ्या होत्या म्हणून मी ते निवडलं. तुम्ही चढू शकणार नाही म्हणून."

सभापतींनी माझ्याकडे पाहिलं, मग पोरांकडे. कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं.

सासूबाई मुलाकडे वळल्या. "आता हे चढायला लागलेत. त्या मोबाइलवर बघ रे जरा, याहून उंच काही मिळतंय का."

मेहुण्याने मोबाइल काढला आणि तो शोधायला लागला. दारात उभ्या असलेल्या सासऱ्यांना कुणी बसा म्हटलं नाही. माझ्या तोंडावर आलं होतं, पण मीही म्हटलं नाही.