चाळीस नंबर मिस्त्री

गाडीत ऑइल ओतताना मिस्त्रींचा हात थरथरायचा. एरवी तो हात दगडासारखा स्थिर. दोन बोटंही नीट शिरणार नाहीत अशा सांदीत हात घालून, न बघता, नुसत्या स्पर्शानं ते नट बसवायचे. पण ऑइलचा डबा नरसाळ्यावर वाकवला की मनगटाला बारीक कंप सुटायचा आणि डबा रिकामा होईपर्यंत थांबायचा नाही. देवरीत नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, मिस्त्री पीत असणार. मिस्त्री चहासुद्धा दिवसातून एकदाच प्यायचे.

माझी शाळा चिचगडच्याही पुढे, जंगलात. बदलीचा आदेश हातात पडला तेव्हा एसटीच्या वेळा पाहिल्या आणि एक जुनी, चौथ्या हाताची छोटी गाडी घेतली. पहिल्याच एप्रिलमध्ये तिचा तेलाचा लाल दिवा लुकलुकायला लागला. चिचगडच्या रस्त्याला लागताना मोहाच्या झाडाखाली मिस्त्रींचं पत्र्याचं दुकान होतं, तिथं थांबले. गाडीला काय झालं हे विचारायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "कुठी जाऊन राहिल्या? किती वाजता निघता? वापस किती वाजता? गाडीत किती जन?" मला जरा रागच आला. म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय?" ते शांतपणे म्हणाले, "दुपारी दोनला भरल्या गाडीनं जाऊन राहिल्या तं एक ऑइल, सकारी एकट्या जाऊन राहिल्या तं दुसरं. म्हनून इचारलं, म्याडम."

गावात शिक्षिकेला सगळे 'बाई' म्हणतात. शाळेतली मुलं, सरपंच, दूधवाला, सगळे. मिस्त्रींनी मला नऊ वर्षांत एकदाही बाई म्हटलं नाही. ते शहरी 'म्याडम' त्यांच्या तोंडी विचित्र वाटायचं, पण त्यांनी ते सोडलं नाही.

'चाळीस नंबर' हे नाव त्यांना ट्रकवाल्यांनी दिलेलं. जुन्या इंजिनात चाळीसच्या खालचं ऑइल ते टाकायचेच नाहीत. गिऱ्हाईक कितीही अडून बसलं तरी डबा परत त्याच्या हातात द्यायचे. मला त्यांनी एकदा डबा उलटा करून दाखवला होता. "इथी दोन नंबर असते. पयला थंडीचा, त्याच्यापुढं डब्ल्यू. थंडीत सकारी इंजिन चालू केलं का तेल किती लवकर धावते, ते तो सांगते. आपल्या इकडं थंडी हाये कुठी? तुमी मागचा नंबर पाहा. इंजिन तापल्यावर तेल किती गाढं राहते, ते त्याच्यात. ह्या उन्हात जुन्या गाडीले चाळीस, लईच घासली असन तं पन्नास."

"पण तेल पातळ झालं तर बिघडतं काय?" मी विचारलं होतं.

"लोखंड लोखंडाशी भांडते, म्याडम. तेल म्हंजे मधात उभा राहनारा मानूस. उन्हानं तोच पळून गेला तं भांडन सोडवन कोन?"

हे सांगताना ते हसले नाहीत. मी मात्र हसले होते, आणि ते हसणं पुढं मला बरेच दिवस टोचत राहिलं.

पाच वर्षांनी मी नवी गाडी घेतली. फुकटच्या सर्व्हिसिंगसाठी गोंदियाला चकरा झाल्या, नंतर गाडी मिस्त्रींकडे नेली. एप्रिल महिना होता. मी मोठ्या हुशारीनं म्हटलं, "चाळीस टाका." त्यांनी मान हलवली. "गाडीचं पुस्तक आना. का म्हनते वाचा." पुस्तक इंग्रजीत, मिस्त्रींना आकडे यायचे, इंग्रजी यायचं नाही. मी वाचून दाखवलं. आपल्या हवेसाठी पाच डब्ल्यू तीस लिहिलं होतं. त्यांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"मंग तीसच," ते म्हणाले.

"पण तुम्हीच तर सांगता—"

"ते जुन्याचं. जुन्या इंजिनात फटी मोठ्या, गाढं तेल पायजे. हे नवं इंजिन, याच्या फटी केसावानी. गाढं टाकलं तं तेल वरपर्यंत टायमावर पोचनार नाई. ज्यानं इंजिन बनवलं त्याले जास्त समजते." बोलणं ठाम होतं. पण त्या दिवशी त्यांचा हात इतका थरथरला की ऑइल नरसाळ्याबाहेर सांडलं. शेवटी डबा मी धरला आणि त्यांनी नुसतं नरसाळं. काम झाल्यावर कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "पोचल्यावर फोन करा."

मला वाटलं, त्या दिवसापुरतं असेल. पण रोज शाळेत पोचल्यावर फोन करायचा, असं ठरूनच गेलं. फोनवर बोलणं दोन शब्दांचं. "पोचले." "हाव." मग ते फोन ठेवायचे.

एकदा मी विसरले. शाळेत तपासणी होती, फोन पिशवीत राहिला. दुपारी दोनच्या सुमारास शिपाई सांगत आला की बाहेर कोणीतरी आलंय. जाऊन बघते तर मिस्त्री. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, मोटारसायकलला पाण्याचा कॅन आणि ऑइलचा डबा बांधलेला. पारा पंचेचाळीसच्या वर असेल. ते माझ्याकडे न बघता आधी गाडीकडे गेले, बॉनेटवर हात ठेवला आणि तिथंच चाकाला टेकून बसले. "फोन काऊन नाई केला?" आवाजात राग नव्हता. लहान मुलाला गर्दीत शोधून काढल्यावर माणसाचा जसा होतो, तसा तो आवाज होता.

मी त्यांना व्हरांड्यात आणलं, पाणी दिलं. तिथं त्यांनी मला ते सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

त्यांना एक मोठी बहीण होती. आई लवकर गेली, म्हणून तिनंच त्यांना वाढवलं. ते तिला बाई म्हणायचे. वीसेक वर्षांपूर्वी मे महिन्यात नात्यात लग्न होतं. बाईसह सगळं वऱ्हाड शालिकच्या जीपनं जाणार होतं. शालिक हा त्यांचा शेजारी, चिचगडच्या रस्त्यावर सवारी मारायचा. निघायच्या आधी ऑइल बदलायला तो जीप घेऊन आला. मिस्त्रींनी जुनं तेल खाली सोडलं आणि मग ध्यानात आलं, चाळीसचं ऑइल अर्धंच शिल्लक होतं. वऱ्हाड घाई करत होतं. कोपऱ्यात कुणाच्या तरी नव्या कारचं उरलेलं पातळ ऑइल होतं.

"अर्धं चाळीस टाकलं, अर्धं ते," मिस्त्री म्हणाले. "शालिकले म्हनलं, सावकाश जाय, परवा बदलून देतो. मले माहीत होतं, म्याडम. चुकीचं हाये हे माहीत होतं. एका दिवसानं का होते, असं वाटलं."

जंगलात, भर दुपारी, जीपचं इंजिन जाम झालं. जीपमध्ये बारा माणसं, त्यात पाच लेकरं. मागून पुढून एकही गाडी येईना. बाईनं आपल्याजवळचं पाणी लेकरांना दिलं आणि गाव फार लांब नाही म्हणून मदत आणायला एकटीच चालत निघाली. गावाच्या अलीकडे बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर ती सापडली. ऊन लागलं होतं. संध्याकाळपर्यंत ती राहिली नाही.

"पण तेलामुळंच झालं हे कशावरून?" मी विचारलं.

"इंजिन मीच खोललं. बेअरिंग जळून कारं पडलं होतं." एवढं बोलून ते उठले. जाताना म्हणाले, "उद्यापासून इसरू नोका."

मी पुन्हा कधी विसरले नाही. आणि खरं सांगायचं तर तेव्हापासून माझ्यासाठीही तो रस्ता पूर्वीसारखा राहिला नाही. दुपारी परतताना सागाची पानं झडलेल्या त्या पट्ट्यात शिरलं की मी काच खाली करून इंजिनचा आवाज ऐकत राहायचे. रस्त्याच्या कडेनं एखादी म्हातारी एकटी चालताना दिसली की गाडी थांबवायची. कुठी चाललीस गं मावशी, बस. कितीतरी जणींना सोडलं असेल. प्रत्येक वेळी दार उघडताना वाटायचं, की आत बसणारी मागच्या सीटवर टेकेल आणि म्हणेल, उशीर केला.

यंदा हिवाळा सरता सरता मिस्त्री गेले. दुकानातच, एका ट्रकखाली काम करता करता छातीत कळ आली. तेरवीला मी गेले होते. जेवणं झाल्यावर हात धुवायला नळाशी गेले, तर शालिक मागे येऊन उभा राहिला. आता तोही म्हातारा झालेला.

"म्याडम, तुमाले एक सांगाचं हाये," तो म्हणाला. "त्या दिवशी रेडिएटरचा पाइप फाटला होता. पानी सारं गळून गेलं. काटा लालवर गेला, मले दिसत होता. पन लग्नाची येळ होऊन राहिली होती, मानसं ओरडत होते, मी जीप तशीच दामटली. पानी संपल्यावर पन्नासचं ऑइल असतं तरी इंजिन जाम झालंच असतं. मिस्त्रीची चूक नोती."

"हे त्यांना का नाही सांगितलं?"

"सांगतो, सांगतो म्हनत राहिलो. दरसाल उन्हाळा लागाच्या पयले ते सोता माया घरी येत. जीपचं तेल पाहत, पाइप पाहत. मी पानी आनून देवो. तोंड उघडेच ना." तो रडायला लागला. मंडपातली माणसं बघायला लागली, तेव्हा मीच त्याला बाजूला नेलं.

महिनाभर ते माझ्या डोक्यात बसलं होतं. शेवटी एका रविवारी सकाळी मिस्त्रीकाकूंकडे गेले. त्या अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या. मी शालिकचं नाव न घेता सांगायचा प्रयत्न केला, जमलं नाही, सगळंच सांगून टाकलं. काकूंचा हात थांबला नाही. फुलं पसरत पसरतच त्या म्हणाल्या, "पाइप फाटला होता ना? मले माहीत हाये."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यायनंच. इंजिन खोललं त्याच दिवशी. मिस्त्रीले पाइप नाई दिसन का म्याडम?"

"मग ते शालिकला काही बोलले का नाहीत?"

"मी म्हनलं होतं, जाऊन इचारा त्याले. तं म्हनत, त्याची लहान लहान लेकरं हायेत, बोललो तं हा जीव देईन. आन् चुकीचं तेल तं मी टाकलंच ना. पाइप फाटला नसता तं जीप पोचली असती का नाई, हे मले कोन सांगन?" काकूंनी पदरानं हात पुसले. "एवढंच ते जलमभर इचारत राहिले. मले त्याचं उत्तर नाई देता आलं."

आता माझी बदली झाली आहे. जूनमध्ये देवरी सोडायची. शालिक अधूनमधून बसस्टँडवर भेटतो. मला बघून उठून उभा राहतो आणि मी काही बोलेन म्हणून वाट बघतो. मिस्त्रींना सगळं ठाऊक होतं, हे ऐकून तो मोकळा होईल की दर उन्हाळ्यात आपल्या अंगणात आलेला तो माणूस आठवून कोसळेल, ते मला ठरवता येत नाही. मी तब्येतीची चौकशी करते. तो "हाव, बरी हाये" म्हणतो आणि पुन्हा खाली बसतो.