विचारायचं राहून गेलेलं

त्या हिवाळ्यात बोडिलवहिनीचा पाय घरात ठरेना. इस्त्री केलेले टॉवेल पुन्हा इस्त्री करायची, घासलेला ओव्हन पुन्हा घासायची, आणि तेवढ्यानं भागलं नाही की भर वाऱ्यात समुद्रावर निघायची. माझा भाऊ एगॉन बंदरात जाळी दुरुस्त करतो. त्याला वाटलं, वय झालं, बायकांना होतं असं. पुरुषांना हे एक बरं सापडलंय!

खरं कारण निघालं किनाऱ्यावरच्या आमच्या सॉनात, म्हणजे गरम वाफेच्या खोलीत. समुद्रात बुडी मारून आम्ही बायका तिथं उघड्याच बसतो. त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण अंगाला काय हवंसं वाटतं, हा विषय तिथंही कुणी काढत नाही. बोडिलचे वडील तर प्रार्थनाघरात प्रवचन करायचे. त्यांच्या घरी इच्छा असायची ती फक्त देवाची. त्या दिवशी आम्ही दोघीच होतो.

"वन्सं, ते सिनेमावाले आठवतात?"

आठवत होते. वाळूच्या टेकड्यांमधली सुट्टीची घरं बोडिल भाड्यानं देते. ऑक्टोबरात कोपनहेगनहून सिग्ने नावाची दिग्दर्शिका चार माणसं घेऊन आली होती. बोडिलला वाटलं, पक्ष्यांवर माहितीपट असेल. हीटर बघायला गेली तेव्हा कळलं, सिनेमा प्रौढांसाठीचा आहे. त्यातलाच.

"मग पळून आलीस की नाही?"

"निघालेच होते गं. पण चित्रीकरणाआधी ते नट-नटी कॉफी घेऊन टेबलाशी बसले. सिग्ने म्हणाली, आता एकमेकांना सांगा, काय हवंय, काय नकोय. आणि त्यांनी सांगितलं! जेवताना आपण बटाटे किती वाढायचे ते सांगतो ना, तसं. मी हीटरपाशी बसले ती उठवेना."

"हीटर बिघडला होता?"

"कुठला! झकास चालला होता."

मला हसू आलं. तिला नाही आलं.

नवीन वर्षात सिनेमा आला. एगॉन बंदरात असला की ती शिवणाच्या खोलीत पडदा ओढून तो बघायची. गोष्ट साधीच, फेरीबोटीवर तिकिटं तपासणारी एक बाई आणि पियानो दुरुस्त करणारा एक माणूस.

"अर्धा वेळ दोघं नुसते बोलतात. तो विचारतो, ती लाजते, मग सांगते. तिथं मला रडू फुटतं. आणि पुढचंही बघते हं मी!" ती माझ्यावरच डाफरली. "पहिल्यांदा लॅपटॉप मिटून बाबांच्या फोटोची माफी मागितली होती. आता नाही मागत. पण अंगात काय काय जागं होतं, आणि मग एगॉन येतो आणि जेवायला हेरिंग मासा मागतो."

"मग सांग ना त्याला."

"इतक्या वर्षांत त्यानं एकदा तरी विचारलं? आणि सांगितल्यावर हसला तर? माझ्याकडे बघेनासा झाला तर? मग मी त्या घरात राहू कशी?"

माझाच भाऊ! कानात बोटं घालावीशी वाटली. पण रागही आला. "नाही सांगितलंस तर काय, जन्मभर टॉवेलच इस्त्री करणार?"

शनिवारी कॉफी पिताना तिनं सांगून टाकलं. सिनेमाचंही आणि हवं-नकोचंही. एगॉन हसला नाही. त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तू मला कधी विचारलंस?"

ही बाजू बोडिलच्या डोक्यातच आली नव्हती.

"बरं, विचारते. तुला काय हवंय?"

"माहीत नाही गं. प्रवचनकारांची मुलगी, तिला वाईट वाटायला नको, म्हणून जपून राहिलो. जपता जपता विसरूनच गेलो बघ."

हे सगळं तिनं मला मागाहून सांगितलं. त्या शनिवारी मी नेहमीसारखी केक घेऊन त्यांच्याकडे गेले होते. आमच्या गावात दिवसा दाराला कडी कुणी लावत नाही. ढकलायचं आणि आत जायचं. मी ढकललं, दार हललं नाही. एगॉनची सायकल तर भिंतीला टेकलेली होती. पुन्हा ढकललं. हाक मारायला तोंड उघडलं आणि मग कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

केक घेऊन तशीच मागे फिरले. वाटेत शेजारची इंगेलीसे त्यांच्याकडेच निघालेली दिसली. तिचा दंड धरून तिला वळवलं आणि म्हटलं, "जाऊ नकोस. घरी कुणी नाही."