एवारिस्तो कमानवाला

एवारिस्तोला काम करताना पाहिलं की नवख्या माणसाला वाटायचं, याचं गाडीशी जुनं वैर आहे. गंजून अडलेला नट दिसला की तो आधी त्या नटाच्या आईचा उद्धार करायचा, मग रॉकेल ओतायचा, मग आग लावायचा आणि तरीही ऐकेना तर घण उचलायचा. लुयानो वस्तीतल्या त्याच्या गल्लीत भिंतीवरचे फोटो वाकडे झाले की बायका म्हणायच्या, "आला कामावर मेला."

पण हवानातल्या म्हाताऱ्या अमेरिकन गाड्या माणसं कोंबून खड्ड्यांतून धावतात, त्या अशाच लोकांच्या जिवावर. खड्ड्यांचे धक्के झेलणारे नवे कमानपाटे मिळणार कुठून? एवारिस्तो मोडीतल्या रशियन ट्रकचे पाटे आणायचा, कापायचा, लालबुंद तापवायचा आणि ठोकून ठोकून वाकवायचा. त्याने बसवलेली कमान मोडली असं क्वचितच ऐकायला मिळे. त्याच्या अंगणातला नियमही त्याच्यासारखाच उर्मट होता. ज्याची गाडी, त्याने स्वतः गाडीखाली झोपायचं आणि पाट्याची पिन धरायची. "उद्या वाकडी बसली म्हणून माझ्या दारात रडायचं नाही," तो म्हणायचा.

घरातही त्याचा हात तसाच चाले. राजम्यात मीठ कमी पडलं म्हणून त्याने बायकोला तवा फेकून मारला होता. एकदा तिचं मनगट मोडलं. नेरेइदाने बरीच वर्षं सोसलं आणि एक दिवस ती बहिणीकडे मातान्सासला गेली ती गेलीच. "पोरीला मात्र मी कधी बोट लावलं नाही," हे एवारिस्तो रम चढली की छाती ठोकून सांगायचा. ते खरंही होतं. दायामी त्याचा जीव की प्राण होती. लोक मान डोलवायचे. घणवाल्या माणसाशी वाद कोण घालणार?

एक दिवस पावाच्या रांगेत त्याला दायामी दिसली. डावा डोळा सुजून मिटलेला, पुढचा एक दात गायब.

"न्हाणीत घसरले, पपा."

एवारिस्तो रांग सोडून पाव न घेताच घरी आला. पोरीला कोणी मारलं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. मारण्यातलं त्याला सगळं कळत होतं. जावयाला जिवंत सोडायचं नाही, हे त्याने चालता चालताच ठरवून टाकलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जावई ओस्मेल स्वतःच्या पायांनी दारात आला. त्याची निळी शेवरोलेट मागून डावीकडे खचली होती.

"सासरेबुवा, मुख्य पाटाच मोडला. दुपारी सवाऱ्या आहेत. होईल ना तोवर?"

"घे आत."

आंब्याच्या जाड फांदीला चेनपुली होती. एवारिस्तोने गाडीचा मागचा भाग उचलला, चासीखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, रेल्वेच्या लाकडी स्लीपरचे ठोकळे सरकवले आणि चाकं काढली. ॲक्सलला जॅकचा टेकू दिला. कमान ॲक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टचे नट छिन्नीने तोडले. मोडका पाटा धपकन जमिनीवर पडला तेव्हा ओस्मेलने शिट्टी वाजवली.

शेडच्या दारामागे ओगूनचं लोखंडी भांडं होतं. त्यात रेल्वेचे खिळे, नाल, साखळ्या. लोखंडाच्या त्या देवावर रमची चूळ टाकल्याशिवाय एवारिस्तो हत्याराला हात लावत नसे. आज तो तिकडे फिरकलाच नाही.

"आज ओगूनला रम नाही?" ओस्मेलने विचारलं.

"त्याच्याशी बोलणं झालंय. झोप खाली."

ओस्मेल पाठीवर सरकत गाडीखाली गेला. नवी कमान पोटावर घेऊन तिचं पुढचं भोक तो चासीच्या भोकाशी जुळवू लागला. एवारिस्तोने पायाने एक ठोकळा बाजूला ढकलला, मग दुसरा.

"काय करताय?"

"मध्ये येतायत."

आता सगळा भार चेनपुलीच्या एका आकड्यावर होता. आकड्यावर एक घाव बसला की गाडी ओस्मेलच्या छातीवर येणार होती. गल्लीत लोक म्हणाले असते, साखळी सुटली, बिचारा गेला. एवारिस्तोने घण उचलला. पण न विचारता मारणं त्याला जमेना.

"तिचा दात कसा पडला?"

"पडली. तिला पडायची सवयच आहे." खालून ओस्मेल हसला. "तुम्हाला काय सांगायचं, सासरेबुवा. बायकांची तोंडं तुम्हाला माहीतच आहेत. हं, पिन सरळ आलीय."

एवारिस्तोच्या डोळ्यांत रक्त उतरलं. घण खांद्याच्या वर गेला.

तेवढ्यात फाटक वाजलं. दायामी आत आली, हातात कपड्यांची फुगलेली पिशवी. नवऱ्याची गाडी इथे असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. पण ती याच अंगणात वाढलेली. गाडीखालचे पाय, बाजूला पडलेले ठोकळे आणि बापाच्या खांद्यावरचा घण तिने एका नजरेत पाहिला. पिशवी टाकून ती धावली आणि सरळ गाडीखाली, नवऱ्याच्या शेजारी घुसली.

"बाहेर नीघ!" एवारिस्तो ओरडला.

"आधी ठोकळे लाव."

"नीघ म्हणतो ना, दायामी!"

"ठोकळे?" ओस्मेलने मान वळवून बाजूला पडलेले ठोकळे पाहिले.

"मी याला सोडून आलेय, पपा," दायामी खालूनच म्हणाली. "कपडे घेऊन आलेय. आई मावशीच्या एका खोलीत राहते, तिथे जागा नाही. तू तुरुंगात गेलास तर मी राहू कुठे? परत याच्याच घरी?"

"सोडून म्हणजे?" ओस्मेल म्हणाला.

"तू गप्प पड."

एवारिस्तोने घण खाली घेतला. शिव्या देत, स्वतःलाही शिव्या देत त्याने ठोकळे पुन्हा चासीखाली ठोकले. दायामी बाहेर आली. तिच्यामागून ओस्मेलही घाईघाईने निघू लागला.

"तू कुठे चाललास? पिन धर," ती म्हणाली.

"काय?"

"पपा, याचे पाटे बसवून दे. गाडी इथे पडून राहिली तर हा गाडीच्या नावाने रोज आपल्या अंगणात बसेल. ती चालती कर. म्हणजे याला जावं लागेल."

एवारिस्तोला जन्मात एवढा राग आला नव्हता, आणि त्याच रागात त्याला जन्मातलं सगळ्यात चोख काम करायचं होतं. त्याने पिनेवर घण घातला. ओस्मेलची बोटं तिथून चार अंगुळांवर होती. प्रत्येक घावाला तो डोळे मिटायचा आणि एवारिस्तो जोर वाढवायचा. एक घाव निसटला. मुद्दाम की चुकून, हे एवारिस्तोलाही सांगता आलं नसतं. ओस्मेलची दोन बोटं लोखंडात चिरडली आणि तो गुरासारखा ओरडला. रक्त कमानीवरून ओघळलं.

"दुसऱ्या हाताने धर," दायामी म्हणाली.

त्याने धरली. पिन बसली, कमानीचं मागचं टोक धरणारा शॅकल बसला. ॲक्सल जागेवर आला तेव्हा एवारिस्तोने यू-बोल्ट असे आवळले की पान्याचा दांडा वाकला. चाकं लावून गाडी खाली उतरवली. ती सरळ, ताठ उभी राहिली. एवारिस्तोचं काम होतं ते.

चिंधीत गुंडाळलेला हात छातीशी धरून ओस्मेल गाडीत बसला. "पोलिसांत जाईन मी. दोघांनाही आत टाकतो."

"जा ना. मीही येते, दात दाखवायला."

तो गेला. गाडी कोपऱ्यावरच्या खड्ड्यातून गेली, पण मागून जराही डुलली नाही.

दायामी आंब्याखाली उभी होती. गाडीखाली घुसताना तिच्या गालाला काळं ग्रीस लागलं होतं. एवारिस्तोला एकदम भरून आलं. पोर घरी आली होती, आणि तो तुरुंगात नव्हता. ते ग्रीस पुसावं म्हणून तो पुढे झाला आणि त्याने हात उचलला.

दायामीचं कोपर झटकन तोंडावर आलं. डोळे गच्च मिटलेले, खांदा कानाशी. नेरेइदा अशीच उभी राहायची.

क्षणभराने तिने डोळे उघडले आणि कोपर हळूच खाली घेतलं. "कॉफी आहे का घरात?" तिने विचारलं, काही झालंच नाही अशा सुरात.

"आहे," एवारिस्तो म्हणाला. त्याचा हात अजून वरच होता. ती पुन्हा दचकणार नाही अशा बेताने तो खाली कसा घ्यावा, हे त्याला कळेना.